अकरा पाण्यांनी धुतलेला झगा

— बसते, बसते, पण फार वेळ नाही हं निएवेस, बाळ बाहेर आहे — म्हणजे एकटी नाही, कुणाकडे तरी दिलीय, ते सांगते नंतर — तू आधी तो फॉर्म काढ. आमच्या दोमेनिकाचा. रविवारचे बाप्तिस्मे, मिस्सा झाल्यानंतरचे... हां, तोच. त्यावर धर्ममाता म्हणून जे नाव आहे ना, ते खोडायचंय. एवढंच काम, दोन मिनिटांचं. खोड आणि तिथे माझ्या नणंदेचं लिही, यादिरा — ती शनिवारी येतेच आहे, नाहीतरी रुसलीच होती, तिलाच आधी विचारायला हवं होतं. अशी पेन खाली ठेवून बघू नकोस गं माझ्याकडे. हो, मला आठवतंय, गेल्या महिन्यात मीच इथे उभी राहून दोन्या तारहेलियाचं — ‘दोन्या’ लावून, मानानं — नाव सांगितलं होतं. आणि हळू नव्हतं सांगितलं, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं सांगितलं होतं, वर्गात हजेरी घेते त्या आवाजात. लोकांनी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या होत्या. म्हणूनच तर.

कारण? कारण लिहावं लागतं का? बरं — वय. बासष्ट तरी असेल ती. फादर पाणी घालणार, बाळ हातपाय झाडणार, नऊ किलोची आहे माझी पोर, तिच्या हातून सटकली म्हणजे? — हो, पिठाची गोणी उचलते ती. पन्नास किलोची, एकटी, पाठीवर. ते मीही रोज बघते माझ्या गच्चीवरून. बरं, वय सोड. धर्ममातेचं लग्न चर्चमध्ये लागलेलं असावं लागतं ना, तसा नियमच आहे ना तुमचा? कडक नियम. तिचं काय माहीत, त्या काळी लोक नुसती सरकारी कचेरीत सही करून मोकळे व्हायचे. जुनं रजिस्टर असेल तर बघ. मी थांबते... एकोणऐंशी? याच वेदीपुढे? आणि दृढीकरणही? — बरं. बरं, राहू दे ते रजिस्टर, धूळ उडतेय.

हे बघ, तुला पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुला पटेल. बाप्तिस्म्याआधीची ती चार व्याख्यानं असतात ना, आईबापांसाठी, मागच्या हॉलमध्ये, त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर — त्यातलं तिसरं. शिकवणाऱ्या दोन्या ब्लांका आल्या, त्यांनी विषय लिहिला फळ्यावर, ‘प्रेमाचं जीवन’, आणि सगळ्यांना एकेक चिठ्ठी वाटली. म्हणाल्या, यावर तुमच्या एका शत्रूचं नाव लिहा, आणि पुढच्या शनिवारपर्यंत त्याच्यासाठी प्रेमाचं एक काम करून या. आता मी नऊ वर्षं शाळेत शिकवतेय, निएवेस. माझ्या हातात कुणी कागद दिला आणि प्रश्न विचारला की मला पहिलं यावंच लागतं, तो माझा आजार आहे. पण शत्रू कुठून आणायचा? येशूनं सांगितलं शत्रूवर प्रेम करा, कबूल, पण माझ्यासारखीला शत्रू मिळणार कसा — सगळ्यांशी गोड बोलणारी, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली, दर रविवारी दुसऱ्या बाकावर बसणारी! बाजूचा तो टायरवाला, त्यानं एका सेकंदात मेव्हण्याचं नाव लिहिलं, मेव्हणा शेजारीच बसला होता, त्यानं ते वाचलं आणि आपल्या चिठ्ठीवर टायरवाल्याचं नाव लिहून टाकलं. एका मुलीनं तर विचारलं, दोन नावं चालतील का. आणि मी पेन चावत बसलेली. मग आठवलं — अरे, आहे की. भिंतीला भिंत लागून आहे. धुराची बाई!

तुला तिची भट्टी माहीत आहे. पहाटे चारला निलगिरीची लाकडं पेटवते, आणि वारा आमच्याच बाजूला. लंगोट वाळत घातले की दुपारपर्यंत त्यावर काजळी. मी गरोदर असताना तर — मी फोनवर वाचलं होतं गं, धुरानं गर्भाला काय काय होतं ते, एक वाचलं की खाली दुसरं येतं, दुसरं वाचलं की तिसरं, आमचा विल्मेर म्हणायचा, फोन ठेव आता, माझ्या आईनं चुलीपुढे सात जणांना जन्म दिला. सात जण आणि सगळे विल्मेरसारखे, तर मी काय समजायचं? म्हणून मी खिडक्यांना ओले टॉवेल लावायचे, तिचा पाव घरात येऊ द्यायचे नाही, रस्त्यात दिसली की ‘नमस्कार’ म्हणायचे पण श्वास रोखून. बाई वाईट नव्हती, पण शत्रू म्हणून चालण्यासारखी होती. मी लिहिलं: तारहेलिया. आणि खाली पट्टीनं रेघ मारली.

आता बाकीच्यांनी काय केलं असेल पुढच्या शनिवारपर्यंत? कुणी शत्रूकडे दोन अव्होकॅडो पाठवले, कुणी नुसता हात हलवला लांबून. टायरवाल्यानं मेव्हण्याचं चाक फुकट जोडलं, म्हणे. मला वाटलं, हे सगळे दहापैकी चार-पाचवाले. मी विल्मेरला म्हटलं, मी तिला दोमेनिकाची धर्ममाता करणार. तो जेवत होता, त्याचा चमचा तिथेच राहिला. म्हणाला, हिमेना, तू त्या बाईच्या हातचा पाव खात नाहीस आणि तिला कोमाद्रे, पोरीची दुसरी आई करणार? जन्मभराची? कोमाद्रेशी भांडता येत नाही, माहीत आहे ना, तोंड फिरवून जाता येत नाही, मेल्यावर शवपेटीला खांदा द्यावा लागतो! मी म्हटलं, तेच तर प्रेम. हे वाक्य मी नंतर दोन्या ब्लांकांपुढेही बोलले, वर्गात. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं. खरंच लिहिलं. पुसेपर्यंत मी तिथेच रेंगाळत होते.

मग रीतीप्रमाणे ताट घेऊन गेलो तिच्याकडे. सगळं केलं मी — दोन अख्खे कुय भाजून, घरी पाळलेले गुबगुबीत गिनीपिग, सोललेले बटाटे, उकडलेली अंडी, मक्याचे मोठे दाणे, वर स्वच्छ पांढरं फडकं. आणि फडक्याच्या कडेनं पाव. चौकातल्या विजेच्या भट्टीतला पाव, निएवेस! मी पाववालीच्या घरी दुसरीकडचा पाव घेऊन गेले, आणि मला ते दारात पोचेपर्यंत सुचलंसुद्धा नाही. विल्मेर मला कोपरानं ढोसतोय, मला वाटलं ताट जड झालंय त्याला. तिनं फडकं उचललं, एक पाव हातात घेतला, दाबून बघितला, वास घेतला. म्हणाली, “मऊ आहे हो बाई. धुराचा वास नाही अजिबात.” आणि मी — मला वाटलं, बघा, किती नम्र झाली! मी तिला म्हटलं, दोन्या तारहेलिया, मी तुमच्याकडे माझं बाळ घेऊन आलेय, तुम्ही तिची धर्ममाता व्हा. ती हात पुसत राहिली एप्रनला, पुसत राहिली. “मी? बाई, तुम्ही नीट विचार केलाय ना?” आणि मग मी ते बोलले. मी तुला सांगणार नव्हते. मी म्हटलं, “मी तुम्हाला मनापासून माफ केलंय.”

ती म्हणाली, “कशाबद्दल?”

“धुराबद्दल.”

तिनं फडकं परत ताटावर नीट पसरलं. विल्मेरनं खोकून घेतलं तेवढ्यात दोनदा. मग ती म्हणाली, “देव तुमचं फेडो, बाई.” आपण सगळेच म्हणतो तसं, मीठ दिलं तरी म्हणतो. पण ती जरा सावकाश म्हणाली. आणि बसली आणि कुय खाल्ला, हाडंसुद्धा चोखली. खाल्लेला कुय परत घेता येत नाही, ते मलाही कळतं गं, तू मला रीत शिकवू नकोस. माझीच आजी मला सांगायची, ताट खाल्लं की कोमाद्रे झाली, फादर नंतर नुसतं पाणी घालतात. पण कागदावर तर अजून काही झालेलं नाही ना? कागदावर फक्त तुझं निळं पेन आहे.

आणि मग सुरू झालं तिचं. तू म्हणशील, काय सुरू झालं — प्रेम! मी एक ताट नेलं, तर ती रोज काहीतरी. दोमेनिकाला दात येतायत तर चघळायला कडक पावाचं कडं, तिच्या मापाचं, मुद्दाम बनवलेलं. मला खोकला तर मधातलं काहीतरी. बाप्तिस्म्याचा झगा तर तिनं स्वतः शिवला, हाताची लेस, आणि आणून दिला तेव्हा म्हणाली, “अकरा पाण्यांतून काढलाय बाई, आणि माझ्या बहिणीच्या घरी वाळवला, डोंगरापलीकडे. वास घेऊन बघा.” मी घेतला वास. नुसता साबणाचा आणि उन्हाचा. अकरा वेळा कोण धुतं, निएवेस? एकदा धुतला असता तर मी शोभेलसं ‘थँक्यू’ म्हटलं असतं. अकरा वेळा म्हणजे काय करायचं माणसानं त्याचं? आणि त्याच्या आधी, बाळंतपणात, ते चाळीस दिवस, मी अंथरुणात होते तेव्हा — तेव्हा तर मी तिला धर्ममाता-बिर्ममाता काही केलेलं नव्हतं — तेव्हाही रोज कोंबडीचा रस्सा यायचा भिंतीवरून. स्वतःच्या कोंबड्या मारत होती. विल्मेर तंगड्या खायचा आणि म्हणायचा, संत आहे बाई. मी म्हणायचे, संत कसली, लाज वाटतेय तिला धुराची, म्हणून फेडतेय. पत्रानं अक्कल आली म्हटलं, एवढं सरळ लिहिल्यावर दगडालाही —

काय? पत्र? मी पत्र म्हटलं? नाही, मी... म्हणजे लोक लिहितात ना पत्रं. नगरपालिकेला. कुणीही लिहू शकतं.

ते दार लोटून घे जरा. मागे फादर नाहीयेत ना?

मीच लिहिलं. झालं? सहीशिवाय. ‘एक चिंतातुर नागरिक.’ गेल्या ऑक्टोबरात, सहावा महिना होता मला, झोप नाही, आणि तो फोन. मी काय लिहिलं होतं — नुसतं धुराडं उंच करायला सांगा म्हणून लिहिलं होतं! दोन पानं झाली, ते खरंय. गर्भवती स्त्रिया, अर्भकांची फुप्फुसं, स्वच्छता, पिठातले किडे — किडे मी पाहिले नव्हते, पण पिठात असतात ना कुठेतरी, कुणाच्याही — आणि महत्त्वाच्या शब्दांखाली लाल शाईनं, पट्टीनं रेघा. मला वाटलं कचेरीत पडून राहील, तिथे सगळंच पडून राहतं. तर नेमके अठ्ठावीस तारखेला आले ते लोक, आणि भट्टीच्या तोंडाला कागद चिकटवून गेले. पंधरा दिवस. मृतांच्या सणाचा आठवडा, निएवेस! तूसुद्धा तिच्याकडूनच घेतेस ना ती पावाची बाळं, साखरेचे डोळे लावलेली — सगळं गाव घेतं, तिचं वर्षाचं सगळं त्या एका आठवड्यावर. त्या वर्षी एकही बाळ निघालं नाही तिच्या भट्टीतून. मी दोन तारखेला कबरस्तानात गेले होते, माझ्या वडिलांकडे, पोट धरून, आणि ती दिसली चार ओळी पलीकडे, नवऱ्याच्या कबरीपाशी. चाळीस वर्षं स्वतः भाजलेलं पावाचं बाळ ठेवायची ती त्याला. त्या दिवशी तिनं पिशवीतून काढलं ते चौकातल्या विजेच्या भट्टीतलं होतं. कागदाच्या पुडक्यावरून ओळखलं मी. तेच पुडकं ज्यातून मी — हो. त्याच दुकानातला पाव मी तिला ताटात नेला. आणि माफ केलं तिला.

मला तेव्हा फार वाईट वाटलं असं तुला सांगितलं तर ते खोटं होईल. थोडं वाटलं. मग मी माझ्या मनाला सांगितलं, बाळासाठी केलंय. आईनं केलेलं सगळं त्या एका खणात टाकता येतं, तुला मूल झालं की कळेल. आणि तिला कुठे माहीत होतं कुणी लिहिलं ते? मला तर खात्री होती. काल रात्रीपर्यंत मी गाढ झोपले. आज सकाळपर्यंत.

आज सकाळी — तूच सांगितलं होतंस ना, धर्ममातेच्या ओळखपत्राची झेरॉक्स हवी म्हणून — मी गेले तिच्याकडे मागायला. ती भट्टीपुढे, हात पिठाचे. म्हणाली, बाई, तो बिस्किटांचा डबा आहे ना फळीवर, त्यात आहे, तुम्हीच काढा. मी काढला. वर तिच्या नातीची वही होती, माझ्याच वर्गातली, दुसरीची, चार वर्षांपूर्वीची — मी लाल शाईनं ‘छान, पण अक्षर सुधार’ असं लिहिलेलं, खाली पट्टीनं रेघ. आणि त्या वहीच्या पानात घडी घालून ठेवलेला — दोन पानं, वर नगरपालिकेचा शिक्का. त्यांनी तिला प्रत दिली होती. अर्थात देणार, कायदाच आहे, मला सुचलं नाही एवढंच. दोन्ही रेघा शेजारी शेजारी, निएवेस. एकाच पट्टीच्या. माझ्या पट्टीला एके ठिकाणी टवका उडालाय, तिथे रेघ जराशी उडी मारते. दोन्ही उड्या मारत होत्या.

मी हातात धरून उभी. तिनं वळून बघितलं. मला वाटलं आता ओरडेल, आणि तुला खरं सांगू, मी देवाला म्हणत होते, ओरडू दे, ओरडू दे तिला. तर ती पिठाचे हात झटकत म्हणाली, “ते होय? ते जुनं आहे बाई. अक्षर सुंदर आहे म्हणून ठेवलंय. ओळखपत्र त्याच्या खाली बघा.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून. म्हणजे रस्सा — चाळीसही दिवस — माहीत असताना. मी ‘माफ केलंय’ म्हटलं तेव्हा माहीत असताना! ती हसलीसुद्धा नाही गं. मी असते तर हसले असते, मी असते तर सगळ्या गल्लीला बोलावून पत्र वाचून दाखवलं असतं, रेघांसकट. आणि मी तिथे वर्गात बसून चिठ्ठीवर शत्रूचं नाव लिहितेय! शत्रू मी होते. ती अकरा महिने करत होती तो अभ्यास, न सांगता, कुणी फळ्यावर न लिहिता, आणि तिच्या चिठ्ठीवर माझं नाव होतं.

आता तूच सांग, अशा बाईला कशी करू मी कोमाद्रे? रोज सकाळी दार उघडलं की ती. वाढदिवसाला ती, दोमेनिकाच्या लग्नाला पहिल्या बाकावर ती, आणि तिला सगळं माहीत. दोन्या ब्लांकांनी शत्रूवर प्रेम कसं करायचं ते शिकवलं, चार व्याख्यानं दिली, पण कुणी आपल्यावर तसं करत असेल तर उभं कसं राहायचं, डोळे कुठे ठेवायचे, ते कुठल्या व्याख्यानात येतं? पाचवं आहे का? असेल तर माझं नाव लिही. नाहीतर यादिरा बरी. यादिराला मी आवडत नाही, मला ती आवडत नाही, आम्ही दोघी नाताळला एकमेकींना साबण देतो, किती सुटसुटीत.

म्हणून खोड. कारण काय लिहायचं ते तू — काय हे? कोरा कागद कशाला? अर्ज? धर्ममाता बदलायची तर आईनं अर्ज द्यायचा, स्वतःच्या हातानं, कारणासकट, फादरांच्या नावे... आणि तो इथेच फाइलीत राहतो? कायमचा?

पेन आहे माझ्याकडे. नको तुझं.

‘आदरणीय फादर’... बघ, हे अक्षर. लहानपणी मला याच्यासाठी बक्षीस मिळालं होतं. ‘दोन्या तारहेलिया यांच्याविषयी कळवण्यास’ —

थांब. ऐक. कोण रडतंय? दोमेनिका? नाही — हो, तीच, तिचं शेवटचं ते उचकीचं... तुला मघाशी सांगायचं राहिलं, बाळ तिच्याकडेच दिलंय. समोर, चौकातल्या बाकावर. अगं मग कुणाकडे देणार? सासूकडे मी पंधरा मिनिटांच्या वर ठेवत नाही तिला, विल्मेरला तर हात धुवायला लावून मग देते. आणि तिच्याकडे, दारातून निघताना, मी नुसतं पुढे केलं, आणि ती चौकापर्यंत सोबत आली. तिनं विचारलं नाही कशाला चाललात. ‘सावकाश या’ म्हणाली. तिचं नाव खोडायला यायचं म्हणून मी तिच्याच हातात बाळ देऊन आले, निएवेस.

थांबली. ऐकतेयस? थांबली रडायची.

हा कागद... राहू दे. दे इकडे, मी घरी नेते, शाळेत मागच्या बाजूला लिहायला होईल. नाही, तू फेकू नकोस, तुमच्या टोपल्या कोण उपसतं कुणास ठाऊक. आणि मी आले होते हे कुणाला — बारा वाजले ना तुझे? मग खिडकी लाव, मला काय बघत बसलीयस. तो फॉर्म ठेव जागेवर.

थांब जरा. तिचं नाव फिकट आलंय इथे, पेन संपत आलं होतं वाटतं तुझं. हे घे माझं. नीट गिरव.